नशाबंदी चिटणिसाचा अंगठा

नशाबंदी सप्ताहाच्या पहिल्या दिवशी, पहाटे साडेपाचला, मला विंचू चावला अशी माझी पक्की समजूत झाली. उजव्या पायाचा अंगठा. मी अंथरुणातच उठून बसलो आणि इंदिरेला हाक मारली. ती चूल पेटवत होती. कंदील घेऊन आली, अंथरूण झटकलं, उशी झटकली, खाटेखाली झाडू फिरवला. विंचू नव्हता. मग तिनं माझ्या पायाजवळ कंदील धरला. अंगठ्याचं मूळ लालभडक झालं होतं, चकाकत होतं आणि एरवीच्या दुप्पट दिसत होतं. तिनं पांघरुणाचं टोक नुसतं त्यावर टाकलं, तर मी असा ओरडलो की शेजारच्या वच्छलाअक्कांची म्हैस गोठ्यात उठून उभी राहिली. हे म्हशीचं अक्कांनी पुढे सगळ्या आळीला सांगितलं, म्हणून मीच आधी सांगून टाकतो.

मी अभिमन तोताराम भोळे. जळगावच्या मामलेदार कचेरीत अव्वल कारकून आणि तालुका नशाबंदी प्रचार समितीचा चिटणीस. साल एकोणीसशे चौपन्न. मुंबई राज्यात दारूबंदी येऊन चार-पाच वर्षं झाली होती, आणि आमच्या तालुक्यात तिचा प्रचार करायचं काम माझ्याकडे होतं. आमचं घर माळकरी. मटण तर सोडाच, माझ्या आईनं कांदासुद्धा चातुर्मासात घरात येऊ दिला नाही. दारूचा वास कसा असतो, हे मी भाषणात तपशीलवार सांगत असे, पण ते ऐकीव. त्या दिवशी सात वाजता प्रभातफेरी निघायची होती आणि तिच्या अग्रभागी मी चालायचं होतं.

मी ओरडल्यामुळे शेजार जमला. भटूनाना सर्वांत आधी आले. नाना म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर. तीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं हाताळल्यामुळे कुठल्याही घरात काय चाललं आहे हे आपल्याला कळलंच पाहिजे, असं त्यांना मनापासून वाटतं. त्यांनी अंगठा पाहिला आणि ही लचक आहे, ओढली की बसते, असा निर्णय दिला. मी नको म्हणायच्या आत ओढला. त्यानंतर म्हैस पुन्हा उठली. मग वच्छलाअक्कांनी तापवलेली वीट फडक्यात गुंडाळून आणली. विटेचा शेक सांध्याला अमृत असतो, असं त्यांच्या माहेरी मानतात. तो शेक मी किती वेळ सहन केला ते मला सांगता येणार नाही, कारण मध्ये थोडा वेळ मला काही आठवत नाही. शेवटी रुपचंदशेठ आले. शेठचं कोपऱ्यावर किराणा दुकान आणि आमच्या समितीचे ते उपाध्यक्ष. त्यांनी एरंडेल सुचवलं. मला वाटलं वरून लावायला. ते प्यायला होतं.

फेरी मात्र चुकवणं शक्य नव्हतं. टांगा आणला. मला मागच्या बाजूला लोकांकडे तोंड करून बसवलं आणि पाय उशीवर ठेवला. ‘दारू सोडा, संसार जोडा’ ही घोषणा माझीच होती आणि ती मी द्यायची, मागून लोकांनी म्हणायची. पण टांग्याला हिसका बसला की घोषणेऐवजी माझ्या तोंडातून निराळाच आवाज निघे आणि फेरीतली मंडळी तोही जशाचा तसा म्हणत. पुढाऱ्याच्या मागे इतक्या निष्ठेनं जाणारे लोक मी पूर्वी पाहिले नव्हते.

दहा वाजता मी डॉक्टर भाईदासांच्या दवाखान्यात होतो. सोबत भटूनाना. नाना बाहेरच्या बाकावर बसले. बाक आणि डॉक्टर यांच्यामध्ये फक्त एक पडदा. डॉक्टरांनी अंगठा बोटही न लावता पाहिला, याबद्दल मी त्यांचा आजन्म ऋणी आहे. मग खुर्चीत बसले, चष्मा काढला आणि विचारलं, “किती घेता?”

मला वाटलं, चहा. चहाचं माझं जरा जास्त होतं हे मला माहीत होतं, म्हणून मी ओशाळून खरं ते सांगितलं. “सकाळी दोन. कचेरीत दोन. संध्याकाळी कोणी आलं तर त्याच्याबरोबर.”

डॉक्टर माझ्याकडे पाहत राहिले. “कधीपासून?”

“लहानपणापासून. आईनंच सवय लावली.”

“घरी माहीत आहे?”

“घरीच करतात की. बाहेर घ्यायला मला आवडत नाही, फार पातळ देतात.”

पडद्याच्या पलीकडे बाक वाजलं. नाना उठून गेल्याचं मला तेव्हा कळलं नाही.  डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाले की तुम्ही चिटणीस आहात, तुमचं भाषण मी स्वतः ऐकलं आहे, निदान मला तरी असं उघड सांगायला नको होतं. मला काहीच उलगडेना. मी आपला कबुलीजबाब पुरा करावा म्हणून सांगितलं की साखर मात्र मला जास्त लागते, एका कपाला चार चमचे.

“कपाला?” डॉक्टर म्हणाले.

आणि मग ते हसले. इतके हसले की त्यांना पाणी प्यावं लागलं. हसून झाल्यावर त्यांनी सांगितलं की ह्या दुखण्याला गाऊट म्हणतात. रक्तात युरिक ऍसिड नावाचं एक द्रव्य वाढतं आणि त्याचे सुईसारखे बारीक खडे सांध्यात जाऊन बसतात, बहुधा अंगठ्यातच. जुन्या इंग्रजी पुस्तकांत हा दारू पिणाऱ्या, मांस खाणाऱ्या बड्या लोकांचा रोग म्हणून लिहिला आहे, तेव्हा त्यांनी विचारलं ते रीतीप्रमाणेच विचारलं. त्यांनी कोल्चिसिनच्या गोळ्या दिल्या, आठ दिवसांच्या रजेसाठी दाखला लिहून दिला आणि मी घरी आलो. चार चमचे साखरेचं आम्ही दोघंही तिथंच विसरलो.

भटूनाना मात्र ऐकलेलं काहीच विसरले नव्हते. पण साखरेपर्यंत ते थांबलेच नव्हते.

गोळ्यांनी अंगठा दोन दिवसांत उतरायला लागला, पण पोटात असा काही उत्पात झाला की मी बराच वेळ परसाकडेच राहू लागलो. त्यामुळे आळीत काय चाललं आहे हे मला कळायला उशीर झाला. तिकडे माझा दाखला कचेरीत पोचला होता. आमचे मामलेदार साहेब वाचनाची आवड असलेले. ‘गाऊट’ हा शब्द पाहून त्यांनी वाचनालयातून इंग्रजी ज्ञानकोशाचा खंड मागवला आणि त्यात एका लठ्ठ साहेबाचं चित्र पाहिलं: पट्टी बांधलेला पाय स्टुलावर, आणि हातात पेला. तिसऱ्या दिवशी शिपाई घरी कागद घेऊन आला. त्यात लिहिलं होतं की सदर कर्मचाऱ्याचा आजार मद्यपानाशी संबंधित असल्याचं ग्रंथांतरी आढळतं. सबब तज्ज्ञ डॉक्टरचा दाखला, कारणासह, सादर करावा. तोपर्यंत रजेचा निर्णय राखून ठेवण्यात येत आहे.

मी तो कागद तीनदा वाचला. पंचवीस वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून एक शेरा चुकलेला नाही. मी अनेकांना ‘कारणासह सादर करावे’ असं लिहिलं होतं. ते वाचताना माणसाला काय होतं, ते मला प्रथमच समजलं.

पण खरा धक्का त्याच संध्याकाळी बसला. रुपचंदशेठ समाचाराला आले. इंदिरा आत गेल्याचं पाहून त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि त्यांच्या छातीतल्या जुन्या कफाबद्दल बरंच सांगितलं. थंडीत तो कफ फार दाटतो म्हणे. वैद्याचे काढे झाले, काही उपयोग नाही. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं, माझा माल कुठून येतो.

मी म्हणालो, कसला माल?

शेठ हसले. माझ्या सावधपणाचं त्यांनी कौतुक केलं आणि उठताना सांगितलं की त्यांच्याकडून ही गोष्ट कुठंही जाणार नाही. हा समितीचा उपाध्यक्ष. दोन ऑक्टोबरच्या सभेत ह्या माणसानं माझ्या शेजारी बसून डोळे पुसले होते.

दुसऱ्या दिवशी नाना आले. त्यांना दमा होता, हे मला आजवर माहीत नव्हतं. नंतर कचेरीतला माझा जोडीदार कारकून आला. त्यानं काही विचारलं नाही, फक्त प्रकृतीच्या कारणासाठी दारूचा परवाना मागायचा छापील अर्ज उशाशी ठेवला आणि रीतसर मार्ग असताना चोरून कशाला, एवढंच सांगून गेला. आणि त्याच संध्याकाळी असोद्याहून समितीचे अध्यक्ष खुद्द सुपडूआबा आले. सत्तरी ओलांडलेले, केळीचे मोठे बागायतदार. त्यांच्या एका शब्दावर त्यांच्या गावातल्या दोन भट्ट्या मोडल्या होत्या. मला वाटलं, राजीनामा मागायला आले. मी उठायला लागलो तर त्यांनी खांदा दाबून बसवलं. पीकपाण्याचं बोलले, केळीच्या भावाचं बोलले, मग दाराकडे पाहून म्हणाले, “अभिमन, माह्या बैलाले सर्दी झाली हाये. एखांदी बाटली भेटीन का कुठी?”

 माझ्यावर आळ आला याचं दुःख बाजूलाच राहिलं. मी पाच वर्षं ज्या तालुक्याला दारूमुक्त म्हणून अहवाल पाठवत होतो, तो तालुका माझ्या खाटेभोवती बाटली मागायला येऊन बसत होता. मी आबांना शपथेवर सांगितलं की मी कधीही घेतलेली नाही, मला ठिकाण ठाऊक नाही. आबांचा चेहरा पडला. ते म्हणाले की बैलाचं राहू दे मग. आणि जाताना दारातून वळून, ह्या वयात खोटं बोलणं बरं नाही, असंही सांगून गेले.

ह्या सगळ्यात इंदिरा माझ्या बाजूनं खंबीर उभी होती. विहिरीवर वच्छलाअक्कांनी विषय काढला तेव्हा तिनं घागर खाली ठेवून सगळ्या बायकांसमोर शपथेवर सांगितलं की सतरा वर्षांच्या संसारात ह्या माणसानं माझ्यापासून एक सुपारीचं खांड लपवलेलं नाही. मला हे अक्कांच्याच तोंडून कळलं आणि माझे डोळे भरून आले. भरून यायला आणखी एक कारण होतं. ते मी त्या वेळी कुणाला सांगितलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी फौजदार आले. निनावी पत्र आलं होतं. फौजदार आमच्या समितीच्या व्यासपीठावर माझ्याबरोबर दोनदा बसलेले, त्यामुळे त्यांना माझ्याहून जास्त संकोच वाटत होता. ते म्हणाले की मला खात्री आहे घरात काही नाही, पण पत्र आलं की बघावं लागतं. पंच म्हणून शेजारचे दोघे घेऊ. पंच म्हणून नाना आणि रुपचंदशेठ आनंदानं पुढे आले. इंदिरेनं स्वतः दार उघडून धरलं. म्हणाली, “शोधा. काना-कोपरा शोधा. एकदा लोकांची तोंडं बंद होऊ द्या.”

मी खाटेवरून तिला खुणावत होतो. तिनं पाहिलं नाही.

पहिली सापडली गोडीशेव. समितीच्या पत्रकांच्या पेटीत, ‘दारू सोडा’च्या चारशे प्रतींखाली, पुडकं. शिपायानं ते हुंगलं आणि फौजदारांना दिलं. फौजदारांनी हुंगून पंचांना दिलं. मग छत्री उघडली तर तिच्यातून बत्तासे जमिनीवर पडले. शिवणाच्या यंत्राच्या डाव्या खणात रेवड्या. गेल्या वर्षीच्या पंचांगांच्या मागे गुळाची अख्खी ढेप, एका बाजूनं सुबक कोरलेली. माझ्या थंडीच्या कोटाच्या आतल्या खिशात पेढे; ते ह्या थंडीचे नव्हते. दर वस्तू निघाली की शिपाई ती मधल्या चौरंगावर मांडत होता. पाहता पाहता तिथं एका बारशापुरता फराळ जमला. दारूचा थेंब नव्हता.

फौजदारांनी पंचनाम्यात ‘आक्षेपार्ह काही आढळले नाही’ असं लिहिलं, माझी माफी मागितली आणि गेले. पंचही गेले, शेठ जाताना एक रेवडी घेऊन गेले.

इंदिरा चौरंगाजवळ बसून राहिली होती.  ती म्हणाली, “सतरा वर्षं मी ह्या घरात मुंग्यांसाठी हळद टाकते आहे.”

मी म्हणालो, अगं, गोडच तर आहे.

“मी विहिरीवर शपथ घेतली होती,” ती म्हणाली, आणि उठून आत गेली. त्या दिवशी माझा चहा बिनसाखरेचा आला. मी मागायचं धाडस केलं नाही.

कारणासह दाखला तर हवाच होता. भाईदासांनी धुळ्याच्या डॉक्टर रतिलालांचं नाव दिलं. हे मुंबईला शिकून आले होते आणि रक्त तपासायची सोय त्यांच्याकडे होती. मी एकट्यानं जाईन म्हटलं. इंदिरेनं उत्तर न देता आपली पिशवी भरली. जळगाव ते धुळे एस.टी.नं जाताना रस्ता माझ्या अंगठ्यातून जात होता. सुजेमुळे पायात जोडा जाईना, म्हणून मी एका पायात पंप शू आणि दुसऱ्याला लुगड्याच्या फडक्याचं बोचकं अशा थाटात बसलो होतो. गाडी एरंडोलला भरली, पारोळ्याला आणखी भरली. एक म्हातारी ज्वारीच्या कणसांचं गाठोडं घेऊन चढली आणि तिनं ते अचूक जिथं ठेवायला नको तिथं ठेवलं. माझा आवाज ऐकून चालकानं गाडी थांबवली. म्हातारी फार मायाळू होती. “तुमना पायले काय व्हयनं, भाऊ?” म्हणून तिनं चौकशी केली आणि मी सांगायच्या आत सगळ्या गाडीला हुकूम सोडला, “सरकी बसा, बठ्ठा सरकी बसा, भाऊना पाय दुखी राह्यना.” बठ्ठे सरकले. धुळ्यापर्यंत माझा पाय एका सबंध बाकावर एकटा बसून गेला आणि इंदिरा दांड्याला धरून उभी राहिली. मी तिला बस म्हणालो. ती खिडकीबाहेर पाहत होती.

डॉक्टर रतिलाल उंच, शांत, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांना मी सगळं सांगितलं: प्रभातफेरी, ज्ञानकोश, फौजदार. मला फक्त एवढंच लिहून हवं होतं की हा दारूमुळे नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि अंगठ्याकडे ओझरतं पाहून मला वजनाच्या काट्यावर उभं केलं. काट्यानं जे दाखवलं ते पाहून, काटा बिघडला असेल म्हणून मी दुसऱ्या पायावर उभं राहून पाहिलं. फरक पडला नाही. मग दंडाला पट्टा बांधून पारा चढवला आणि ओठ मिटून तो उतरताना पाहिला. फितीनं पोटाचा घेर मोजला. फीत एकदा अपुरी पडली. रक्त काढून घेतलं. शेवटी एक बाटली हातात दिली आणि मागच्या बाजूला पाठवलं.

मी परत आलो तेव्हा त्यांनी एका नळीत निळं पाणी घेतलं होतं. सुंदर निळं, शाईसारखं. त्यात त्यांनी माझ्या बाटलीतले मोजून आठ थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. आम्ही तिघंही पाहत होतो. निळ्याचं हिरवं झालं. मला बरं वाटलं. हिरवा रंग चांगला असतो. मग पिवळं झालं. मग नारिंगी. आणि मग ते विटेच्या रंगावर येऊन थांबलं.

“ही साखर,” डॉक्टर म्हणाले.

“कुणाची?” मी विचारलं. असला प्रश्न मी का विचारला, मला माहीत नाही. माणूस हबकला की त्याला काहीतरी विचारावंसं वाटतं.

रक्ताचा निकाल दुपारी आला. युरिक ऍसिड बरंच चढलेलं होतं. डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवलं आणि माझ्याशी न बोलता इंदिरेशीच बोलायला सुरुवात केली. ते म्हणाले, “बाई, अंगठा दुखतो म्हणून लोक माझ्याकडे येतात. मी त्यांचं वजन, रक्तदाब आणि लघवीतली साखर पण बघतो. सगळ्यांतच सापडतं असं नाही. पण पुष्कळांत हे एकमेकांच्या सोबतीनं असतात. कोण कोणाला घेऊन येतो, ते अजून नक्की कळलेलं नाही. अंगठा बोंबलला म्हणून तुम्ही आलात. बाकीचे मुके आहेत. ते आवाज न करता काम करत राहतात.”

इंदिरा म्हणाली, “आमच्या मामंजींच्या पायाला ठेच लागली होती. ती भरलीच नाही.”

मी तिच्याकडे पाहिलं. माझे वडील, आमचे दादा, जाऊन चौदा वर्षं झाली होती. साध्या ठेचेची जखम वर्षभर चिघळत गेली, पाय काळा पडला, आणि आम्ही सगळ्यांनी ती बाहेरची बाधा म्हणून उतारे टाकले. त्यांची जखम तीच धूत असे. त्या वर्षी दादांना शेवटपर्यंत गोडच खावंसं वाटे, आणि जाणाऱ्या माणसाची इच्छा म्हणून आम्ही ते देत होतो. मी. मी स्वतः बाजारातून आणून देत होतो.

डॉक्टरांनी विचारलं, त्यांना तहान फार लागायची का. इंदिरेनं होकारार्थी मान हलवली. 

दाखला त्यांनी लिहून दिला. मी तो बाहेरच्या ओट्यावर बसून वाचला. दारूबद्दल एकच ओळ होती: रुग्ण घेत नाही असे तो सांगतो व पत्नी दुजोरा देते. पुढं मात्र पान भरलं होतं. युरिक ऍसिड, साखर, रक्तदाब, वजन. आणि मामलेदार साहेबांनी मागितलं होतं त्याप्रमाणे, कारण: अति गोड, बैठे काम, मोठे पोट, वडिलांकडून आले असण्याचा संभव. निर्दोष म्हणून सुटायला गेलेला माणूस चार नवीन कलमं लावून घेऊन परत येतो, तसं माझं झालं. सरकारी दप्तरात माझ्या पोटाची नोंद व्हायची होती. मी डॉक्टरांना ‘मोठे’ हा शब्द तरी काढाल का, म्हणून विचारायला आत जाणार होतो. इंदिरेनं बाही धरली.

परतीच्या गाडीत तिला बसायला जागा मिळाली, माझ्या शेजारी. पारोळा मागे पडल्यावर ती आपण होऊन बोलली.

“दारू असती तर मी सोडवली असती. तुमची समिती आहे, कायदा आहे, फौजदार आहे. सगळी आळी माझ्या मागे उभी राहिली असती. ह्याला मी कोणाकडे जाऊ? बारसं झालं की पेढा, नोकरी लागली की पेढा, मेल्यावर तेराव्याला गोड. नको म्हटलं तर लोक रागावतात.” मग थोडं थांबून म्हणाली, “मी तुमच्यामागे शोधत फिरणार नाही. मला ते जमायचं नाही. मामंजींचा पाय मी धुतला. तुमचा मला धुवायचा नाही, एवढंच.”

 मी पाच वर्षं भाषणं देत आलो होतो. त्यांतल्या एकाही भाषणात मला इतकं नेमकं बोलता आलं नव्हतं.

मामलेदार साहेबांनी दाखला वाचला, ज्ञानकोशातल्या साहेबाच्या चित्राशी ताडून पाहिला आणि कागदावर शेरा मारला: ‘सदर इसम दारू घेत नाही. गोड खातो. रजा मंजूर.’ तो शेरा कचेरीतल्या प्रत्येकानं वाचला. तरी एकूण माझी अब्रू परत आली, असं म्हणायला हरकत नव्हती. सुपडूआबांना कळलं तसे ते असोद्याहून बैलगाडी जोडून आले. माझ्यावर संशय घेतला याचं त्यांना खरंच वाईट वाटत होतं. त्यांनी आमच्या ओट्यावर आळी जमवली, मला मधोमध बसवलं आणि चिटणीस धुतल्या तांदळासारखे निघाले, असं जाहीर केलं. रुपचंदशेठनी टाळ्या वाजवल्या. वच्छलाअक्कांनी ओवाळलं. आणि मग आबांनी शेल्यातून पेढ्यांचा डबा काढला.

ताजे पेढे होते. वेलदोड्याचा वास ओटाभर झाला. आबांनी स्वतःच्या हातानं एक उचलून माझ्या हातावर ठेवला. म्हणाले, “खाय. आज तुहाच मान हाये.”

मी इंदिरेकडे पाहिलं. ती दाराच्या चौकटीशी उभी होती आणि मुद्दाम दुसरीकडे, अक्कांच्या म्हशीकडे पाहत होती. तिनं शब्द पाळला होता. मी पेढ्याकडे पाहिलं. मला दादा दिसले असं म्हणायला आवडेल, पण खरं सांगतो, मला फक्त पेढा दिसत होता. कितीतरी वेळ मी तो तसाच धरला. माझ्या हाताच्या उबेनं तो मऊ पडायला लागला. मग मी तो परत डब्यात ठेवला आणि आबांना हात जोडून म्हणालो, “माफ करा आबा. मी सोडलं.”

 आबा माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. वच्छलाअक्कांनी आरतीचं तबक खाली ठेवलं. आमच्या आळीत सुटका झालेला माणूस पेढा नाकारतो, हे आजवर घडलेलं नव्हतं. नाना रुपचंदशेठच्या कानाशी लागले. पण नानांचं कुजबुजणं पोस्टाच्या खिडकीपलीकडे ऐकू जाईल असं असतं.

“गोड सुटलं म्हणजे दुसरं काहीतरी धरलेलं असणार,” नाना म्हणाले. “पिणाऱ्याला गोड चालत नाही, शेठ. मी तेव्हाच ओळखलं होतं.”

शेठनी गंभीरपणे मान हलवली. आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.  दाखला, शेरा, पंचनामा, सगळं फुकट गेलं होतं, आणि ह्या खेपेला फिर्याद कुणाकडे करायची हेही मला सुचत नव्हतं.

तेवढ्यात इंदिरा चौकटीतून पुढे आली. तिनं आबांच्या हातातून डबा घेतला आणि सरळ नानांच्या समोर धरला.

“नाना, तुम्ही दोन घ्या,” ती अगदी गोड आवाजात म्हणाली. “यांच्या वाट्याचाही. आणि पहाटे कधी अंगठा दुखायला लागला तर संकोच करू नका. धुळ्याचा पत्ता मी जपून ठेवला आहे.”

नानांचा हात डब्यावर पोचला होता. तो तिथंच थांबला. आळी पाहत होती. नानांनी हात तसाच अधांतरी ठेवून हळूच खाली पाहिलं, आणि धोतराचा सोगा बाजूला करून आपल्या उजव्या पायाचा अंगठा एकदा वर, एकदा खाली हलवून बघितला.